मदत हवी आहे : अनेक रेपोंच्या यॉक्टो बिल्डसाठी ‘कास’ वापरताना लॉक फाइल आणि सामायिक कॅश कशी सांभाळावी?

नमस्कार मंडळी,

एम्बेडेड लिनक्सवर काम करताना जे सभासद यॉक्टो (उपकरणांसाठी लिनक्स बांधण्याचा प्रकल्प) आणि बिटबेक (त्याची बिल्ड चालवणारे साधन) रोज हाताळतात, त्यांच्याकडून दोन गोष्टींबाबत मार्गदर्शन हवे आहे. प्रश्न नेमका कळावा म्हणून आमची मांडणी आधी थोडी विस्ताराने देतो.

कारखान्यातील यंत्रांची मोजमापे गोळा करून पुढे पाठवणारे एक उपकरण आमचा छोटा गट तयार करतो. ते रास्पबेरी पायच्या कॉम्प्युट मॉड्यूल ४ वर चालते आणि त्याची लिनक्स इमेज आम्ही यॉक्टोच्या ५.० म्हणजे स्कार्थगॅप आवृत्तीवरून बांधतो. ही दीर्घ आधाराची आवृत्ती एप्रिल २०२४ मध्ये आली आणि तिचा आधार एप्रिल २०२८ पर्यंत आहे; त्याआधीच्या किर्कस्टोनची मुदत एप्रिल २०२६ पर्यंतचीच असल्यामुळे आम्ही इकडे वळलो. बिल्डला पोकी, मेटा-ओपनएम्बेडेड, मेटा-रास्पबेरीपाय हे बाहेरचे रेपो लागतात, एका प्रकारच्या उपकरणासाठी त्यांत मेटा-राउकची (उपकरण अद्ययावत करणाऱ्या ‘राउक’ साधनासाठीचा रेपो) भर पडते, आणि शिवाय आमचे दोन खासगी रेपो आहेत : एकात कॉन्फिगरेशन व हार्डवेअरसंबंधी लेयर (लेयर म्हणजे सेटिंग आणि एखादा घटक कसा बांधायचा हे सांगणाऱ्या ‘रेसिपी’ फाइलींचा संच), तर दुसऱ्यात ॲप्लिकेशनचा लेयर.

पूर्वी हे सगळे रेपो एका शेल स्क्रिप्टने आणले जात असत आणि लोकल.कॉन्फ ही बिल्डच्या सेटिंगची फाइल ज्याची त्याने हाताने लिहावी अशी पद्धत होती. गूगलने अँड्रॉइडसाठी बनवलेले ‘रेपो’ हे साधन आणि गिटचे सबमॉड्यूल हे दोन्ही पर्याय आम्ही पाहिले. पण ते रेपो योग्य जागी आणून ठेवतात आणि तिथेच थांबतात, पुढची बिल्डची जुळवाजुळव आपल्याकडेच राहते. सीमेन्सने मुक्त स्रोत म्हणून उपलब्ध केलेले कास हे साधन एका वायएएमएल फाइलीत रेपोंचे पत्ते, त्यांच्या ब्रँच, कोणते लेयर घ्यायचे, मशीन कोणते, डिस्ट्रो कोणती आणि लोकल.कॉन्फमध्ये काय जायचे हे सगळे लिहू देते आणि ‘कास बिल्ड’ या एका आज्ञेवर रेपो आणण्यापासून बिटबेक सुरू करण्यापर्यंतचे काम करते, म्हणून निवड त्याची झाली. ही निवड योग्य होती असेच आजही वाटते.

नव्याने येणाऱ्यांसाठी एक गोष्ट जाता जाता नोंदवतो, कारण तिच्यात आमचा बराच वेळ गेला. कास लोकल.कॉन्फ स्वतः लिहिते आणि प्रत्येक वेळी नव्याने लिहिते. पोकीसोबत येणारी नमुना फाइल ते वापरत नाही. त्यामुळे त्या नमुन्यातून आजवर नकळत मिळणाऱ्या गोष्टी, उदाहरणार्थ ‘डीबग-ट्वीक्स’ (रूट लॉगिन मोकळे करणारी सेटिंग) किंवा डिस्क भरत आल्यावर बिल्ड थांबवणारी सेटिंग, आपण ‘लोकल_कॉन्फ_हेडर’ या भागात लिहिल्याशिवाय येत नाहीत. विकासकांच्या इमेजमध्ये रूट म्हणून लॉगिन होणे एकाएकी का बंद झाले, याचे उत्तर तिथे सापडले.

आता पहिला प्रश्न. आमच्या बेस.वायएमएल या फाइलीत बाहेरच्या रेपोंसाठी फक्त ‘ब्रँच : स्कार्थगॅप’ एवढेच लिहिलेले आहे. बिल्ड सर्व्हर दर वेळी कोऱ्या जागेत रेपो आणतो, म्हणून त्याला ब्रँचवरचे ताजे कमिट मिळते; विकासकांच्या संगणकावर मात्र रेपो आधीच असतो आणि ‘अपडेट’ हा पर्याय दिल्याशिवाय कास तो पुढे नेत नाही. परिणामी एकाच वायएमएल फाइलीतून दोन ठिकाणी वेगवेगळ्या गोष्टी बांधल्या जातात आणि सर्व्हरवर बिघडलेली बिल्ड कुणाच्याच टेबलावर बिघडत नाही. प्रत्येक रेपोचे कमिट हाताने लिहून ठेवणे हा उपाय आहे, पण मग सुरक्षा-दुरुस्त्या वेळेवर घेण्याचे काम मागे पडते.

‘कास लॉक’ या आज्ञेने तयार होणारी, प्रत्येक रेपोचे नेमके कमिट नोंदवणारी लॉक फाइल यासाठीच आहे हे माहीत आहे. ती पहिल्या वायएमएल फाइलीशेजारी बेस.लॉक.वायएमएल या नावाने ठेवली जाते आणि पुढच्या प्रत्येक वेळी आपोआप लागू होते, हेही पाहिले. अडचण दोन ठिकाणी आहे. बाहेरचे रेपो जखडून ठेवावेत, पण आमचा ॲप्लिकेशनचा लेयर, ज्यात दिवसातून अनेकदा बदल होतात, तो मोकळा राहावा अशी आमची इच्छा आहे. लॉक केल्यावर तोही एका कमिटला बांधला जातो. दुसरे असे की आमचे दोन प्रकार ‘बेस.वायएमएल:फॅक्टरी.वायएमएल’ आणि ‘बेस.वायएमएल:फील्ड.वायएमएल’ असे ‘:’ या चिन्हाने जोडून बांधले जातात, मेटा-राउकचा उल्लेख फक्त फील्डच्या फाइलीत आहे, आणि तरीही दोघांची लॉक फाइल एकच ठरते. अशा वेळी आपण फाइलींची विभागणी कशी करता?

दुसरा प्रश्न वेळेचा आहे आणि आम्हाला तो अधिक छळतो. सर्व्हरवर प्रत्येक बिल्ड कास-कंटेनरमध्ये होते. डाउनलोड केलेल्या फाइलींची जागा आणि एसस्टेट कॅशची (आधी बांधलेल्या भागांच्या साठ्याची) जागा या दोन्ही एनएफएसवर (नेटवर्कवरील सामायिक डिस्कवर) असून त्या कंटेनरला बाहेरून जोडलेल्या आहेत. बिल्डची डिरेक्टरी मात्र काम संपल्यावर पुसली जाते. लॉक फाइल लावून, म्हणजे रेपोंचे कमिट तंतोतंत तेच ठेवून पाहिले, तरी कॅशमधून अपेक्षेपेक्षा फार कमी उचलले जाते. कंपायलर आणि सी-लायब्ररी यांपर्यंतचा भाग कॅशमधून येतो आणि त्यापुढे केव्हातरी एका टप्प्यावर सगळे नव्याने बांधायला सुरुवात होते. बिटबेक सुरुवातीला जी ‘एसस्टेट समरी’ची ओळ छापते तिच्यात ‘मिस्ड’चा, म्हणजे कॅशमध्ये न सापडलेल्यांचा, आकडा मोठा असतो. गमतीचा भाग असा की विकासकांच्या संगणकावर, जिथे बिल्डची डिरेक्टरी कुणी पुसत नाही, तिथे ही तक्रार जवळजवळ नाही.

आणखी एक तपशील, कदाचित कामाचा ठरेल : बिल्ड क्रमांक आम्ही वायएमएलमधील ‘एन्व्ह’ या भागातून आत पाठवतो आणि तो इमेजमधील आवृत्तीच्या फाइलीत लिहिला जातो.

नेमके कुठे पाहावे हे कुणी सांगितल्यास उपकार होतील.

प्रतिसाद १

आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण आपण दिलेल्या वर्णनातच त्याचे उत्तर बरेचसे आहे. बिल्डची डिरेक्टरी टिकते तिथे कॅश चालते आणि पुसली जाते तिथे चालत नाही, याचा अर्थ कॅशला लागणारी एखादी गोष्ट कॅशच्या डिरेक्टरीत नसून बिल्डच्या डिरेक्टरीत आहे. ती गोष्ट बहुधा हॅश इक्विव्हॅलन्सची माहिती असावी. ‘कास शेल’मध्ये ‘बिटबेक -ई’ चालवून ‘बीबी_सिग्नेचर_हँडलर’ची किंमत पाहा, ती ‘ओईइक्विव्हहॅश’ आणि ‘बीबी_हॅशसर्व्ह’ची किंमत ‘ऑटो’ असेल, तर निदान जवळजवळ पक्के समजा.

यात घडते ते असे. एखाद्या रेसिपीत किरकोळ बदल झाला की तिच्या टास्कचा (बांधणीच्या एका टप्प्याचा) हॅश, म्हणजे त्यात वापरलेल्या गोष्टींवरून काढलेली खूण, बदलतो, पण बांधून निघालेले फलित पूर्वीसारखेच असेल तर बिटबेक ते ओळखते आणि ‘हा नवा हॅश म्हणजे तो जुनाच’ अशी नोंद ठेवते. तिच्यावर अवलंबून असलेल्या पुढच्या सर्व टास्कचे हॅश मग त्या जुन्या हॅशवरून काढले जातात आणि कॅशमधील फाइलींची नावेही त्यावरूनच ठरतात. ‘ऑटो’ या व्यवस्थेत ही नोंदवही, म्हणजे हॅशसर्व्ह.डीबी ही फाइल, बिल्डच्या डिरेक्टरीतील ‘कॅश’ या उपडिरेक्टरीत असते. आपला सर्व्हर ती दर वेळी पुसतो. नोंदवही नाही म्हटल्यावर पुढचे हॅश वेगळे निघतात, त्या नावाच्या फाइली एनएफएसवर सापडत नाहीत, आणि एका विशिष्ट टप्प्याच्या वरचे सगळे पुन्हा बांधले जाते. यॉक्टोच्या कागदपत्रांतही सामायिक कॅश आणि हॅशचा सर्व्हर एकत्रच सांभाळावेत असे सांगितलेले आहे.

उपाय म्हणून बिटबेकसोबत येणारा ‘बिटबेक-हॅशसर्व्ह’ हा प्रोग्रॅम एका कायम चालू असलेल्या संगणकावर सुरू करावा आणि त्याचा पत्ता ‘लोकल_कॉन्फ_हेडर’मधून ‘बीबी_हॅशसर्व्ह’ला द्यावा. तो पत्ता कंटेनरच्या आतून पोहोचण्याजोगा आहे ना, हे आधी पाहून घ्यावे. एवढा खटाटोप नको असेल तर सिग्नेचर हँडलर ‘ओईबेसिकहॅश’ करून ही सोय पूर्ण बंद ठेवता येते. तेव्हा किरकोळ बदलांनंतरही पुढचे सगळे बांधावे लागेल, पण निदान कॅश आणि हॅश एकमेकांशी जुळलेले राहतील. आमच्याकडे पहिला मार्ग आहे आणि मी तोच सुचवेन.

आता लॉक फाइलीविषयी. रेपोंची यादी एकाच फाइलीत ठेवावी, हा नियम मी कटाक्षाने पाळतो. मेटा-राउक फक्त फील्ड प्रकाराला लागतो म्हणून तो फील्डच्या फाइलीत, ही मांडणी वाचायला तर्कशुद्ध दिसते, परंतु त्यामुळे लॉक फाइल कोणत्या जोडणीवरून काढली यावर तिचा मजकूर अवलंबून राहतो. मेटा-राउक बेसमध्ये आणा. लेयर उपलब्ध असल्याने कारखान्याच्या इमेजमध्ये काहीही शिरत नाही, इमेजमध्ये काय जाते ते इमेजची रेसिपी आणि कॉन्फिगरेशन ठरवतात. फॅक्टरी आणि फील्डच्या फाइलींत मग फक्त मशीन, टार्गेट आणि कॉन्फच्या ओळी उरतील. मात्र ‘टार्गेट’सारखी यादी पुढच्या फाइलीत लिहिली की ती आधीच्या यादीत मिळवली जात नाही, तिच्या जागी येते, हे ध्यानात असू द्यावे. लॉक फाइल पुढे नेण्याचे काम कुणा माणसावर सोडू नये. ‘कास लॉक’ला ‘अपडेट’ पर्याय देऊन चालणारे एक नियतकालिक काम सर्व्हरवर ठेवावे, त्याने बदललेली लॉक फाइल तपासणीसाठी पाठवावी, आणि बिल्ड व चाचण्या पार पडल्यावरच ती मुख्य ब्रँचमध्ये जावी.

ॲप्लिकेशनच्या लेयरबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. लेयर दिवसातून अनेकदा बदलतो याचा अर्थ त्यात रेसिपीपेक्षा अधिक काही साठले आहे. मूळ कोड स्वतंत्र रेपोत असावा, रेसिपीने तो ‘एसआरसीरेव्ह’मधून विशिष्ट कमिटवर आणावा, आणि रेसिपी असलेला छोटा लेयर आपल्या कॉन्फिगरेशनच्या रेपोतच ठेवावा. ज्या रेपोत कासची फाइल आहे आणि ज्याला पत्ता दिलेला नाही, तो कास जसा आहे तसा वापरते. तो लॉकही होत नाही. विकासकाला कोडमध्ये खाडाखोड करायची असेल तेव्हा ‘कास शेल’मध्ये जाऊन ‘डेव्हटूल मॉडिफाय’ वापरणे सोयीचे पडते.

प्रतिसाद २

वरील सल्ल्याशी सहमत आहे. फक्त बिल्ड क्रमांकाची बाजूही तपासून घ्यावी. ‘एन्व्ह’मधील व्हेरिएबल कास बिटबेकपर्यंत पोहोचवते आणि जी रेसिपी ते वाचते तिच्या टास्कच्या हॅशमध्ये त्याची किंमत मिसळते. ते एकाच रेसिपीत वाचले जात असेल तर नुकसान तेवढ्यापुरतेच राहील. पण ‘इनहेरिट’ने सर्वत्र लागू होणाऱ्या एखाद्या क्लासमध्ये त्याचा उल्लेख असेल तर दर क्रमांकाला सगळे नवे बांधले जाईल. दोन बिल्डच्या सिग्नेचर फाइली ‘बिटबेक-डिफसिग्ज’ला दिल्या की कोणते व्हेरिएबल वेगळे आहे ते स्पष्ट छापून येते. दोषी तेच निघाले तर ‘व्हारडेप्सएक्सक्लूड’ने त्याला हॅशमधून वगळता येते, मात्र मग क्रमांक बदलल्यावरही ती आवृत्तीची फाइल जुनीच राहण्याचा धोका असतो. म्हणून क्रमांक रेसिपीत न वापरता इमेज तयार होताना शेवटी लिहिणे मला अधिक सुरक्षित वाटते.

धागाकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. ‘बिटबेक -ई’मध्ये दोन्ही किमती पहिल्या प्रतिसादात म्हटल्याप्रमाणेच होत्या. हॅशचा सर्व्हर एका वेगळ्या संगणकावर सुरू केला असून, पहिली बिल्ड पूर्वीइतकाच वेळ घेऊन गेल्यानंतरच्या बिल्डमध्ये ‘मिस्ड’चा आकडा इमेज आणि आमच्या रेसिपींपुरता उरला आहे. बिल्ड क्रमांक एकाच रेसिपीत वाचला जातो हे डिफसिग्जने दाखवले, तरी तो इमेजच्या टप्प्यावर नेण्याचे ठरवले आहे. मेटा-राउक बेसमध्ये आणला आहे. ॲप्लिकेशनचा लेयर हलवायला थोडा वेळ लागेल, कारण त्यात खरोखरच रेसिपीपेक्षा बरेच काही आहे.

एक उपप्रश्न याच धाग्यात विचारतो. एनएफएसवरील कॅश आता वाढत जाणार आणि कधीतरी जुन्या फाइली काढाव्या लागणार. बऱ्याच दिवसांत न वाचलेल्या फाइली शोधून पुसणे ही सरळ वाट आहे, पण आमच्या एनएफएस सर्व्हरची डिस्क ‘नोएटाइम’ने जोडलेली आहे, त्यामुळे फाइल शेवटची केव्हा वाचली याची नोंदच होत नाही, आणि तयार झाल्याच्या तारखेवरून पुसायचे म्हटले तर कंपायलरसारख्या, क्वचित बदलणाऱ्या पण रोज लागणाऱ्या फाइली सर्वांत आधी जातील. ही छाटणी आपण कोणत्या निकषावर करता, आणि तेव्हा हॅशच्या नोंदवहीला हात लावता की ती तशीच ठेवता?