इम्प्लांट की स्वतःची चरबी? आणि ३२५ सीसी हा आकडा येतो कुठून?

केवडा:
स्तनवृद्धी करून घ्यायचं ठरलंय, पर्याय ठरत नाहीये. स्तनाच्या पायाची रुंदी १२ सेंमी, वरच्या बाजूला चिमटीत येणारी जाडी दीड सेंमी, स्तन ओघळलेले नाहीत. सर्जननी ३२५ सीसीचं गोल, गुळगुळीत सिलिकॉन इम्प्लांट 'ड्युअल प्लेन'मध्ये सुचवलंय. मला चरबी भरणं जास्त बरं वाटतंय. जाणकारांनी सांगावं.

दुर्वा:
केवडाताई, सीसीकडे नंतर बघा, आधी रुंदी. इम्प्लांटचा व्यास स्तनाच्या रुंदीपेक्षा साधारण अर्धा ते एक सेंमी कमी धरतात, म्हणजे तुमच्या बाबतीत ११ ते साडेअकराच्या आसपास. एकच ३२५ सीसी पसरट आणि चपट्या आकारातही मिळतं, अरुंद आणि उंच आकारातही. म्हणून सर्जनना 'व्यास किती, उंची किती' हे विचारा. व्यास जास्त झाला तर कडा काखेकडे सरकते किंवा मध्ये दोन्ही स्तन एकमेकांना भिडतात, आणि ते दुरुस्त करणं फार जिकिरीचं असतं.

ड्युअल प्लेन सुचवण्याचं कारण तुमची दीड सेंमीची चिमटी. २ सेंमीपेक्षा कमी जाडी असताना इम्प्लांट नुसतं दुधाच्या ग्रंथीखाली ठेवलं तर वरची कडा आणि त्वचेवरच्या लाटा दिसतात. ड्युअल प्लेनमध्ये वरचा भाग छातीच्या स्नायूखाली जातो, खालचा ग्रंथीखाली. तोटा असा की जोर काढण्यासारख्या व्यायामात स्नायू आवळला की स्तन हलताना दिसतो. व्यायाम बराच करत असाल तर हे आधीच बोलून घ्या.

सलाईनचं इम्प्लांट रिकामं आत घालून मग भरतात, त्यामुळे छेद लहान पुरतो. फुटलं तर स्तन बसतो आणि लगेच कळतं. पण पातळ त्वचेखाली त्याच्या लाटा जास्त जाणवतात. तुमच्यासाठी सिलिकॉनच बरं.

निवडुंग:
चरबीबद्दल. मांडी-पोटातून लायपोसक्शननं काढलेली चरबी स्वच्छ करून बारीक नळीनं धाग्यासारखी, वेगवेगळ्या थरांत सोडतात. तिला रक्तपुरवठा आजूबाजूच्या ऊतींतून मिळतो. एका जागी गोळा सोडला की मधली चरबी मरते, मग तेलाच्या गाठी आणि कॅल्शियमचे ठिपके होतात. त्या गाठी हाताला लागल्या की तपासण्यांचा ससेमिरा सुरू, म्हणून आधीची सोनोग्राफी किंवा मॅमोग्राम जपून ठेवायचा.

नीट केलं तरी साधारण ३० ते ५० टक्के चरबी विरघळते. खरा आकार ३ ते ६ महिन्यांनी कळतो. एका बैठकीत ब्राच्या मापात जेमतेम एका कपाची वाढ धरावी. अंग सडपातळ असेल तर तेवढी चरबीही निघत नाही. वजन उतरलं की स्तनही उतरतो. थोडीच वाढ हवी असेल तर पर्याय उत्तम, पण ३२५ सीसीइतका फरक यातून एका बैठकीत मिळणार नाही. इम्प्लांटच्या कडेवर थोडी चरबी भरून ती झाकणं हा मधला मार्ग मात्र विचारण्याजोगा आहे.

कोणी फिलर (भरावाचं जेल) किंवा द्रव सिलिकॉनचं इंजेक्शन सुचवलं तर तिथून सरळ उठा.

शिरीष_पान:
काय बिघडतं ते कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. शरीर इम्प्लांटभोवती एक पातळ आवरण तयार करतंच. ते आक्रसलं की स्तन आधी घट्ट, मग आकार बिघडलेला, शेवटी दुखरा होतो. डॉक्टर याच्या बेकर १ ते ४ पायऱ्या करतात. शस्त्रक्रियेच्या वेळी चिकटलेले जंतू आणि साचलेलं रक्त ही त्याची मोठी कारणं मानतात. म्हणून स्तनाखालच्या घडीतला छेद बरा; निप्पलभोवतीचा छेद दुग्धनलिकांजवळून जातो आणि तिथे जंतू असतात. इम्प्लांट हाताळण्याआधी हातमोजे बदलतात का, हे बिनदिक्कत विचारा.

पहिल्या एक-दोन दिवसांत एकच स्तन अचानक फुगून टणक झाला आणि दुखू लागला तर आत रक्तस्राव समजा. सकाळची वाट न बघता फोन करायचा. धूम्रपान किमान ४ आठवडे आधी आणि ४ आठवडे नंतर बंद. जखम भरत नाही त्याचं ते सरळ कारण आहे. जड उचलणं ४ ते ६ आठवडे नाही.

गुळगुळीत पृष्ठभाग सुचवला हे योग्यच. खरबरीत इम्प्लांटशी एक दुर्मिळ लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग) जोडलेला आहे, आणि त्यामुळेच २०१९ मध्ये ॲलर्गन कंपनीची बायोसेल नावाची खरबरीत इम्प्लांट परत मागवली गेली. काही वर्षांनंतर स्तनात अचानक पाणी साचलं तर ते काढून सीडी३० (या लिम्फोमाच्या पेशींवरची खूण) तपासणीला पाठवायचं. सिलिकॉन फुटलेलं बाहेरून कळत नाही. ५-६ वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी आणि पुढे दर २-३ वर्षांनी, असा अमेरिकेच्या एफडीएचा सल्ला आहे. इम्प्लांट जन्मभराचं नसतं, तेव्हा पुढच्या शस्त्रक्रियेचा खर्च आताच हिशेबात धरा. अनुक्रमांकाचं कार्ड मागून घ्या.

केवडा:
खूप आभार. पुढे बाळाला अंगावर पाजता येईल ना?

दुर्वा:
बहुतेकींना येतं, हमी मात्र कोणी देऊ शकत नाही. ग्रंथी इम्प्लांटच्या वरच राहते, त्यामुळे घडीतल्या छेदात नलिका सहसा कापल्या जात नाहीत. निप्पलभोवतीच्या छेदात तो धोका जास्त. निप्पलची संवेदना काही महिने कमी-जास्त राहते, क्वचित कायमची जाते. आणि मॅमोग्रामला गेलात की आधीच इम्प्लांटचं सांगा, ते मागे ढकलून जादा चित्रं घ्यावी लागतात.