प्रगतिपुस्तकातली लाल रेघ: तुमच्या शाळेचे अनुभव लिहा

उंटवाडीकरीण
काल माळ्यावरचं पातेलं काढताना माझं नववीचं प्रगतिपुस्तक सापडलं. कडा वाळवीनं खाल्ल्यात. सहामाही, गणित, १५० पैकी ३८, खाली लाल रेघ. 'पालकांची सही'च्या जागी मी ठोकलेली बाबांची सही! बाबांचा 'श' तिरका पडायचा, माझा शिपायासारखा उभा. बाईंना कळलं नसेल? कळलंच होतं. घरी चिठ्ठी नाही, ओरडा नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत डबा घेऊन स्टाफरूमच्या दाराशी बसायचं आणि रोज दोन गणितं सोडवायची. वर्षभर.
लेक विचारते, "मम्मी, नापास म्हणजे नक्की काय?" तिच्या कार्डावर आतापर्यंत अ-२, ब-१ एवढंच आलंय. लिहा तुमचंही.

सातपूरचा_थर्डशिफ्ट
सही तर आमच्या अख्ख्या गल्लीची मी करायचो. एक लिमलेटची गोळी, एक सही.

पिंपळगावकर
दहावीला इंग्रजी गेला, १९९४. तेव्हा थेट ऑक्टोबरला बसायचं, म्हणजे वर्ष गेलंच. ते सहा महिने द्राक्षबागेत काढले. पेपरच्या आदल्या दिवशीसुद्धा छाटणी चालू होती, बोटांना चिकटपट्ट्या लावून लिहिलंय. सुटला ३७ वर. आता २०१५ पासून निकालानंतर लगेच फेरपरीक्षा होते. पुतण्याचे दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर (राहिलेले विषय नंतर सोडवायची मुभा) अकरावीत बसला. आमच्या वेळी असतं तर... जाऊ दे, बाग चांगली चाललीये.

नाशिकरोड_लोकल
एटीकेटीवाल्यांना बारावीत पण जाता येतं ना?

पिंपळगावकर
नाही हो. आधी दहावीचे राहिलेले सोडवायचे.

मीराची_आई
माझा मुलगा ब आणि ड उलटे लिहायचा. शाळेत दोन वर्षं 'आळशी आहे' एवढंच ऐकलं. सातवीत एका विशेष शिक्षिकेनं अध्ययन अक्षमतेची (वाचता-लिहिताना अडचण येते ती) तपासणी करून घ्यायला सांगितलं, मग प्रमाणपत्राच्या चकरा. दहावीला तासामागे २० मिनिटं जास्त आणि लेखनिक मिळाला. लेखनिक खालच्या वर्गातला लागतो, म्हणून शेजारच्या नववीतल्या मुलीला तयार केलं. पहिल्या सरावाला हा म्हणाला, "स्वल्पविराम", आणि तिनं सरळ अक्षरांत लिहिलं 'स्वल्पविराम'. दोघं इतके हसले की पाऊण तास वाया. मला रडू आलं होतं, त्यांच्या हसण्यानं.

जुनं_नाशिक
रंगपंचमी आणि दहावी एकत्र आली की आमचे हाल. आई म्हणाली, रहाडीकडे (रंगाच्या पाण्यानं भरलेला हौद) बघायचं नाही. मी बघितलं नाही, डायरेक्ट उडी मारली. दुसऱ्या दिवशी भूमितीचा पेपर, नखं रंगलेली, हॉलतिकिटावर अंगठ्याचा डाग. सुपरवायझर बघून म्हणाले, "कुठली रहाड?"

सातपूरचा_थर्डशिफ्ट
😂😂 सर पण उडी मारून आलेले असणार

खडू_डस्टर
शिक्षक आहे, शाळेचं नाव विचारू नका. दहावीला ते शाळेनं द्यायचे अंतर्गत २० गुण असतात ना, त्यात १७-१८ च्या खाली कुणाला दिले की पालक दारात. २०१९ ला भाषांचे अंतर्गत गुण काढले आणि राज्याचा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला, तेव्हा कळलं कोण किती पाण्यात आहे. पुढच्या वर्षी परत आणले. चित्रकलेचं बरं आहे. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला अ श्रेणी असेल तर दहावीला ७ वाढीव गुण, निदान पोरानं ब्रश तरी हातात धरलेला असतो.

भूगोलाचा_बळी
२०२० बॅच. भूगोलाचा पेपर लॉकडाउनमुळे रद्द, बाकी विषयांच्या सरासरीनं मार्क. मी नकाशे पाठ करून बसलो होतो, गणितानं भूगोल पण खाली ओढला. तरी पेपर न देताच 'कोरोना बॅच' म्हणून शिव्या खाल्ल्या. पेपर आम्ही दिले हो! परीक्षाच झाली नाही ती २०२१ ची, त्यांचा निकाल ९९.९५.

मखमलाबाद_८८
उरलेल्या ०.०५ मधला कुणी आहे का इथे?

गंगापूररोडची_सून
माळा आत्ताच काढलास? दिवाळीला अजून किती वेळ आहे! पातेलं पितळी असेल तर कल्हईवाला कुठे मिळतो सांग गं, भद्रकालीतला माझा गावी गेलाय.

उंटवाडीकरीण
@गंगापूररोडची_सून स्टीलचं आहे बाई. @खडू_डस्टर सर, बाईंनी ती सही का चालवून घेतली असेल?

खडू_डस्टर
घरी कळलं असतं तर तुम्ही मार खाल्ला असता. मग गणितं कुणी सोडवली असती?

जुनं_नाशिक
@मीराची_आई ती लेखनिक मुलगी आता काय करते?

मीराची_आई
बारावीला आहे. परवाच पाणीपुरी खायला आली होती. अजून एकमेकांना 'स्वल्पविराम' म्हणूनच हाका मारतात.