'होर्ड'ला मराठीत काय म्हणावं : गुप्तधन, निधी, दफिना?

शब्दरंग :
इंग्लंडमधल्या अँग्लो-सॅक्सन काळातल्या (साधारण पाचवं ते अकरावं शतक) उत्खननांवर लेखमाला लिहायला घेतली आहे आणि गाडी एका शब्दापाशी अडली आहे. जुलै २००९ मध्ये स्टॅफर्डशायर परगण्यात, लिचफील्डजवळच्या शेतात मेटल डिटेक्टर फिरवताना टेरी हर्बर्ट यांना सोनं लागलं. पुढे तिथून लहानमोठे साडेचार हजारांवर तुकडे निघाले. सोनंच जवळपास चार किलो, शिवाय चांदी. बहुतेक माल सातव्या शतकातला. इंग्रजीत याला 'स्टॅफर्डशायर होर्ड' म्हणतात. मराठीत काय म्हणू? 'खजिना' नको. खजिना म्हटलं की राजाची तिजोरी आणि तिच्यावरचा खजिनदार डोळ्यांपुढे येतो.

कट्टेकरी :
होर्डच लिहा की. टेबलाला आपण टेबलच म्हणतो.

शब्दरंग :
लिहून पाहिलं. पण चाल करून येणाऱ्या टोळीसाठीही इंग्रजीत उच्चाराने असाच शब्द आहे. स्पेलिंग वेगळं असलं तरी देवनागरीत दोन्ही 'होर्ड'च. 'सॅक्सनांचं होर्ड' वाचून वाचकाने सोनं समजायचं की स्वारी? आणि मुंबईकराला आधी होर्डिंगच आठवणार.

मोडीवाचक :
'निधी' घ्या, हक्काचा शब्द आहे. अर्थशास्त्रात कौटिल्य म्हणतो, लाखावरचा निधी राजाचा. त्याहून कमी असेल तर शोधणाऱ्याला सहावा हिस्सा. तिथे निधी म्हणजे पुरलेलं धनच.

कट्टेकरी :
स्टॅफर्डशायर निधी! देणगीवर आयकरात सूट मिळते का?

मोडीवाचक :
हसा. वर्गणीचा अर्थ निधीला नंतर चिकटला. कायद्याच्या मराठीत जुना अर्थ अजून जिवंत आहे : भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८. दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, असा तो कायदा. निखात म्हणजे खणून पुरलेलं. एकट्या 'निधी'ने घोळ होत असेल तर 'निखात निधी' लिहा.

गावरान :
एवढं संस्कृत कशाला? आमच्याकडे सरळ 'गुप्तधन' म्हणतात. शेतात हंडा लागला की गुप्तधन.

खापरवाला :
गावरान, गुप्तधनाला दोन अडचणी आहेत. पहिली म्हणजे त्या शब्दामागून मांत्रिक, पायाळू माणूस आणि अमावास्येची रात्र असं सगळं लटांबर येतं. ते एक वेळ सोडून देऊ. दुसरी अडचण खरी आहे. शब्दात 'गुप्त' आहे, म्हणजे कुणीतरी लपवलं, पुन्हा येऊन काढायच्या इराद्याने. प्रत्येक पुरलेल्या सोन्यामागे तो इरादा असतो का?

सटन हूचं उदाहरण घ्या. सफोक परगणा, १९३९ सालचा उन्हाळा. जमीन एडिथ प्रेटी यांची आणि खोदकाम बेसिल ब्राउन यांचं. मोठ्या टेकाडाखाली २७ मीटर लांबीचं जहाज निघालं. खरं तर जहाज नव्हेच. लाकूड केव्हाच विरघळलं होतं, वाळूत त्याचा ठसा आणि लोखंडी खिळ्यांच्या रांगा तेवढ्या राहिल्या होत्या. मधल्या दालनात शिरस्त्राण, तलवार, बायझंटाइन चांदीची भांडी आणि फ्रँक राज्यांतली ३७ सोन्याची नाणी. ईस्ट अँग्लियाचा राजा रेडवाल्ड याची ती समाधी असावी, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

आता हे सगळं कुणाचं? ऑगस्टमध्ये गावच्या सभागृहात पंचांपुढे चौकशी झाली. तेव्हाच्या इंग्लिश कायद्यात सोनं-चांदी परत काढण्याच्या हेतूने लपवलेली असेल तर ती राजाची, नाहीतर नाही. पंच काय म्हणाले असतील? नदीवरून एवढं जहाज ओढत वर आणलं, त्यावर मातीचा डोंगर रचला. अख्ख्या मुलखाने ते पाहिलं असणार. लपवण्याची ही कुठली रीत? निकाल लागला : हे लपवलेलं धन नव्हे. माल प्रेटीबाईंचा ठरला आणि त्यांनी तो ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला.

तेव्हा सटन हूला गुप्तधन म्हणणं म्हणजे त्या पंचांचा निकाल फिरवणं आहे. ते 'होर्ड' नाहीच. मेलेल्या माणसाबरोबर दिलेल्या त्या वस्तू आहेत.

संत्रानगरी :
खापरवाल्यांशी सहमत. त्यासाठी 'दफनवस्तू' आणि 'दफनसामग्री' हे शब्द विदर्भातल्या शिळावर्तुळांमुळे, म्हणजे दगडांची वर्तुळं रचलेल्या प्राचीन दफनांमुळे, रुळलेले आहेत. माहुरझरीला दफनांमध्ये घोड्याचा तांब्याचा साज मिळाला, त्याला कुणी गुप्तधन म्हणत नाही. सटन हूलाही, १९९१ मध्ये बहुधा, तरुण योद्धा आणि शेजारच्या खड्ड्यात त्याचा घोडा असं दफन सापडलं होतं ना?

खापरवाला :
हो, सतरा नंबरचं टेकाड, साल बरोबर.

शब्दरंग :
म्हणजे सटन हू दफनसामग्री, हे ठरलं. मग स्टॅफर्डशायरसाठी 'दफिना' कसा वाटतो? कानाला भारदस्त आहे.

मोडीवाचक :
दफिना म्हणजे पुरून ठेवलेलं धन. पण दफन आणि दफिना हे दोन्ही एकाच अरबी धातूपासून आलेले. दोन गोष्टी वेगळ्या करायच्या म्हणून निघालात आणि एकाच कुटुंबातले शब्द निवडताय. वाचक गोंधळेल.

खापरवाला :
स्टॅफर्डशायरचा पेच त्याहून मोठा आहे. तिथे थडगं नाही, हाडं नाहीत. जवळपास सगळा माल लढवय्यांचा : तलवारींच्या मुठींवरचे सोन्याचे साज, तेही पात्यांवरून उचकटून काढलेले. बायकी दागिने जवळपास नाहीतच. एक क्रूस मुडपून घडी केलेला आणि एका सोन्याचा मुलामा दिलेल्या पट्टीवर लॅटिन वचन : 'ऊठ प्रभो, तुझ्या शत्रूंची दाणादाण होवो.' मर्सिया या अँग्लो-सॅक्सन राज्यातली ही जागा. लढाईतली लूट असेल, सोनाराकडे वितळवायला निघालेला माल असेल, नाहीतर देवाला वाहिलेला असेल. पुरणाऱ्याचा हेतूच ठाऊक नाही, तर हेतू सांगणारा शब्द वापरायचा कसा? मी 'पुरलेला ऐवज' म्हणेन. चोरीच्या बातमीत 'दोन लाखांचा ऐवज लंपास' असतो तोच ऐवज. किमती वस्तू, बस्स. कुणी पुरला, का पुरला, याबद्दल तो शब्द तोंड उघडत नाही.

मोडीवाचक :
मान्य. नुसती नाणी असतील तर 'नाण्यांचा साठा'. नाशिकजवळच्या जोगळटेंभीला १९०६ मध्ये तेरा हजारांवर चांदीची नाणी मिळाली, क्षत्रप राजा नहपानाची, त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप उमटवलेला. त्याला साठा म्हटलं की पुरतं.

गावरान :
ऐवज चांगला आहे. गुप्तधन मात्र आमच्या हंड्यासाठी राहू द्या.

शब्दरंग :
'पुरलेला ऐवज' पक्का. जाता जाता एक : या वस्तूंवर लाल गार्नेटच्या बारीक चकत्या बसवल्या आहेत. गार्नेटला 'गोमेद' लिहू का?

मोडीवाचक :
नको. गोमेद मधाच्या रंगाचा, त्याच कुळातला पण वेगळा. लाल खड्याला जव्हेरी 'तामडा' म्हणतात.

खापरवाला :
तामडाच लिहा. अँग्लो-सॅक्सन सोनारांकडचे काही खडे भारत-श्रीलंकेकडून गेलेले होते, काही बोहेमियातले. यावर वेगळा धागा काढा, इथे मावायचं नाही.