लेकरू डोळ्यांदेखत कोसळतं तेव्हा... (आपापले अनुभव लिहा)

मोगरा_दारचा

काल सोसायटीत झेंडावंदन होतं. राष्ट्रगीत संपता संपता पुढच्या ओळीतली एक मुलगी, सातवी-आठवीतली असेल, जागच्या जागी खाली गेली. आवाजसुद्धा नाही. चार जण धावले, एकाने काखेत हात घालून तिला उभी करायला घेतली आणि माझ्या तोंडून "उचलू नका, आडवीच राहू द्या" असं इतक्या जोरात निघालं की सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. मिनिटाभरात तिने डोळे उघडले आणि "माझा बूट कुठाय" विचारलं. ती बरी आहे, संध्याकाळी सायकल खेळत होती. पण घरी आल्यावर माझे हात थरथरत होते, ते थांबेनात. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. म्हणून लिहितेय.

सहा वर्षांपूर्वी. लेक नऊ वर्षांची, आम्ही तेव्हा सहकारनगरला. व्हॅन सात वीसला यायची. तिला स्वयंपाकघराच्या दारात उभी करून दोन वेण्या घालत होते, एक डोळा गॅसवर. तिने दूध घेतलं नव्हतं. "आई, मला कसंतरी होतंय" म्हणाली. मी म्हटलं, हलू नकोस, भांग वाकडा होतोय. मग म्हणाली, "आई, लाइट गेले का?" आणि वेणी माझ्या हातात असतानाच ती खाली.

ओठ पांढरे. हात दोन-तीनदा झटकल्यासारखे हलले. मी तिला उचलून उभीच छातीशी धरली, आणि ती मानच टाकत होती. हाका मारतेय, गालावर मारतेय, काही नाही. सासूबाई आतून आल्या आणि ओरडल्या, "अगं, खाली ठेव तिला आधी!" फरशीवर ठेवली. दहा-पंधरा सेकंदांत डोळे उघडले. ते दहा-पंधरा सेकंद मी आजही मोजू शकते.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "केस विंचरत होतात का?" मी थक्क. म्हणाले, या वयाच्या मुलींना वेणी घालताना चक्कर येते हे आम्हाला चांगलं माहीत आहे. उभं राहिलेलं, पोट रिकामं, त्यात केस ओढले जातात. व्हेगस नावाची नस चाळवते, हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त पायांत उतरतं, मेंदूला क्षणभर कमी पडतं. आडवं झालं की ते परत पोचतं. उभं धरलं तर पोचत नाही. हे ऐकल्यावर मी तिथेच रडले, कारण मी तिला उभं धरलं होतं. ईसीजी काढला, तो ठीक निघाला. हिमोग्लोबिन ९.८ होतं, त्यावर तीन महिने औषध चाललं.

तिला पुन्हा कधी झालं नाही. पण "हलू नकोस" हे माझे शब्द माझ्या मनातून जात नाहीत.

तुमच्या घरी असं झालं असेल तर लिहा. काय केलंत, नंतर कसे सावरलात.


चाफेकळी

वाचतानाच पोटात गोळा आला गं. लेकीला माझ्याकडून मिठी दे.


दोन_पिल्लं

आमचा रडून निळा पडायचा. चौदा महिन्यांचा होता, सोफ्यावरून घसरला, लागलं काहीच नाही पण तोंड उघडलं आणि आवाजच नाही. आ वासलेला, आवाज नाही, ओठ जांभळे, मग एकदम लुळा. मला वाटलं गेला. खरंच तेच वाटलं, दुसरा शब्द नाही. शेजारच्या काकूंनी घेतला, तोंडावर फुंकर मारली, पाणी शिंपडलं, तोवर त्याने स्वतःच श्वास घेतला होता.

डॉक्टर म्हणाले, सहा महिने ते सहा वर्षं या वयात काही मुलं रडताना श्वास रोखतात, मुद्दाम नाही, होतं ते. शुद्ध गेली की शरीर आपलं आपण श्वास घ्यायला लागतं. लोह तपासलं, कमी होतं. लोहाचे थेंब सुरू केल्यावर महिन्याला पाच-सहा वेळा व्हायचं ते एकावर आलं.

पण त्याहून कठीण पुढचं होतं. त्याला रडूच द्यायचं नाही असं घर झालं आमचं. मोबाइल हवा, घे. चाकू हवा, तर चाकू लपवून दुसरं काहीतरी दे. मोठीला सांगायचे, त्याला दे ते, नाहीतर तो निळा पडेल. ती पाच वर्षांची. एकदा ती मला म्हणाली, "मी पण निळी पडू का?"

थांबा, कुकर झाला


नदीपात्र

माझा मुलगा ढोल पथकात आहे. गेल्या वर्षी, सोळा वर्षांचा होता. विसर्जनाला सकाळपासून कंबरेला ढोल बांधून उभे. वाजवताना काही झालं नाही, वाट बघत उभं असताना झालं. नंतर कळलं की पठ्ठ्या सकाळपासून पाणीच प्यायला नव्हता. का, तर लक्ष्मी रोडवर गर्दीत लघवीला जायचं कुठे. पथकातली निम्मी मुलं-मुली हेच करतात. मुली तर सगळ्याच.

मी पंधरा-वीस फुटांवर होतो आणि गर्दीमुळे पोचू शकत नव्हतो. फक्त टोप्या दिसत होत्या. पथकातल्या एका ताईने, वय वर्षं वीस-एकवीस, ढोलाची दोरी सोडली, त्याला रस्त्यावरच आडवं केलं आणि त्याचे पाय उचलून त्याच्याच ढोलावर ठेवले. बाकीच्यांनी हात धरून कडं केलं, हवा येऊ द्या म्हणत. मी पोचेपर्यंत तो बोलत होता. तिचं नाव विचारायचंही भान राहिलं नाही. पुढच्या सरावाला नदीपात्रात जाऊन शोधून काढलं आणि पेढे दिले.

यंदाही वाजवतोय. अट एकच, पाणी आणि मीठ-साखर-लिंबू. उभं राहून अंधारी यायला लागली तर पाय एकावर एक आवळायचे, मुठी घट्ट मिटायच्या, आणि तरीही वाटलं तर लाज न बाळगता खाली बसायचं. हे तिघं-चौघं मित्र आता एकमेकांना सांगतात.


बिबवेवाडीकर

पाय ढोलावर! त्या ताईला माझा नमस्कार सांगा दादा.


औंधची_आजी

आमच्याकडे कांदा फोडून नाकाला लावत. चप्पल पण. माझ्या धाकट्या दिराला लावलेली मला आठवते. हल्ली लावत नाहीत का? पाणी तरी पाजायचं की नाही?


रात्रपाळी

आजी, मी नर्स आहे, बावीस वर्षं मुलांच्या वॉर्डात. कांदा, चप्पल काही नको. त्याने शुद्ध येत नाही, ती यायचीच असते तेव्हा येते आणि श्रेय चपलेला जातं. त्या गडबडीत मूल उचलून बसतं केलं जातं, हे नुकसान. पाणी पूर्ण शुद्धीवर येऊन नीट बोलायला लागल्यावरच. आधी पाजलं तर श्वासनलिकेत जाऊ शकतं.

ड्यूटीवर निघतेय, भरभर लिहिते. साध्या चक्करेत मूल आधी सांगतं, मळमळतंय, अंधारी येतेय, कानात कसंतरी होतंय. मग पांढरं पडतं, घाम येतो, खाली जातं. काही सेकंद हातपाय हलू शकतात, मोगराताईंनी लिहिलंय तसे. तेवढ्यावरून फिट म्हणू नये. मिनिटा-दोन मिनिटांत मूल ओळखतं, बोलतं. पाठीवर आडवं, कपडे सैल, पाय फूटभर उंच, बस. उलटी येत असेल तर कुशीवर.

तापात येणारे झटके वेगळे, सहा महिने ते पाच वर्षं या वयात. तेव्हा कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात चमचा घालू नका. पाच मिनिटांत थांबलं नाही तर १०८ ला फोन, किंवा रिक्षा-गाडी जे मिळेल ते. पहिल्यांदाच झटका आला असेल तर थांबला तरी दाखवायचंच.

आणि एक, हे अगदी जीव तोडून सांगते. धावताना, खेळताना, पोहताना कोसळलं, किंवा काही न सांगता एकदम कोसळलं, आधी छातीत धडधडलं, घरात कोणी तरुणपणी अचानक गेलेलं आहे, तर "ऊन लागलं असेल" म्हणून घरी बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर आणि ईसीजी.


टेकडी_रोज

रात्रपाळी ताईंनी शेवटी लिहिलंय ते आमच्या घरी झालं. लिहू की नको विचार करत होतो.

मुलगा अकरा वर्षांचा. शाळेच्या मैदानावर धावताना पडला. शाळेतून फोन आला की ऊन लागलंय, ग्लुकोज दिलंय, येऊन घेऊन जा. मार्च महिना, आम्हालाही पटलं. घरी आणला, ताक दिलं, झोपवला. तीन आठवड्यांनी बॅडमिंटन खेळताना पुन्हा, आणि या वेळी हात टेकून पडणं नाही, सरळ तोंडावर. दात तुटला.

डॉक्टरांनी विचारलं, घरात कोणी अचानक गेलंय का. आम्ही नाही म्हणालो. घरी येताना रिक्षात बायको एकदम म्हणाली, मावशी. तिची मावशी एकोणिसाव्या वर्षी गावाला नदीत पोहताना गेली होती. पट्टीची पोहणारी. घरात सगळे भोवऱ्यात सापडली म्हणायचे. आम्ही रिक्षा तिथूनच वळवली.

ईसीजीत क्यूटी नावाचं अंतर लांबलेलं निघालं. हृदयाचा प्रत्येक ठोका झाल्यावर विजेचा प्रवाह पूर्वपदाला यायला जास्त वेळ लागतो, आणि धावताना, दचकल्यावर ठोक्यांची लय बिघडू शकते. मग बायकोचा काढला, तिचाही लांब. आता दोघं रोज गोळी घेतात. काही औषधं त्याला चालत नाहीत, त्यांची यादी माझ्या पाकिटात, तिच्या पर्समध्ये आणि त्याच्या दप्तरात आहे. एकटं पोहणं बंद, धावायच्या स्पर्धा बंद. तळजाईला चालायला आम्ही तिघं रोज जातो.

मधल्या त्या तीन आठवड्यांत काहीही होऊ शकलं असतं. सासूबाई आता मावशीचा फोटो रोज पुसतात. पूर्वी वर्षातून एकदा काढायच्या.


चाफेकळी

दादा, शब्द नाहीत. तिघांना खूप शुभेच्छा. बरं झालं लिहिलंत.


नदीपात्र

टेकडीदादा, मी मुलाचा ईसीजी काढलेला नाही. उद्याच काढतो.


बिबवेवाडीकर

आमची रक्त तपासायला गेली तेव्हा. सुई बघूनच. उपाशीपोटी नेलं होतं ना. आता झोपवूनच रक्त घ्यायला सांगते, मोठे लोकही घेतात झोपून, काही बिघडत नाही. लस दिल्यावरही पंधरा मिनिटं तिथेच बसवायचं. आम्ही मागच्या वेळी लगेच निघालो होतो, गेटपाशी चक्कर.

आणि हे सकाळी न खाता जाणं कसं सोडवता सगळे? व्हॅन पावणेसातला येते. सहा वाजता पोर काही गिळत नाही. परिपाठाला अर्धा तास उभं.


औंधची_आजी

नाचणीचं सत्त्व दे. आदल्या रात्री शिजवून ठेवायचं, सकाळी दुधात सैल करायचं, गूळ घालायचा. गिळावं लागत नाही, पिता येतं. खजूर दोन दे हातात, व्हॅनमध्ये खाईल. माझ्या सुनेला पण हेच सांगते, ती बिस्किटं देते.


बिबवेवाडीकर

सत्त्व विकतचं की घरी, आजी?


औंधची_आजी

घरी. भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची, दळायची. मोड आणल्याशिवाय करू नकोस. शनिवारी भिजव.


दोन_पिल्लं

आले परत. तर मोठीने तसं विचारल्यावर मी त्या रात्री नवऱ्याशी बोलले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डॉक्टरांकडे गेलो, फक्त बोलायला. त्यांनी सांगितलं, नाही म्हणायचं असेल तिथे नाहीच म्हणा. निळा पडला तर खाली आडवा ठेवा, शेजारी बसा, आरडाओरडा नको. उठल्यावर जे नाही म्हणाला होतात ते नाहीच राहू द्या.

पहिल्यांदा तसं केलं तेव्हा मी फरशीवर त्याच्या शेजारी बसून स्वतःची मांडी धरून ठेवली होती. मोठी माझ्या पाठीला चिकटून. तो उठला, आमच्याकडे बघितलं, आणि पुन्हा रडायला लागला, पण नेहमीचं, आवाजाचं रडणं. इतकं बरं वाटलं ते रडणं ऐकून. चार वर्षांचा झाल्यावर पूर्ण थांबलं. आता सहाचा आहे.

मोठीची माफी मागितली मी. तिला कळली की नाही माहीत नाही, पण मागितली.


चाफेकळी

मोगरा, मग केसांचं काय केलंस? कापले?


मोगरा_दारचा

नाही गं. तिला लांब केस आवडतात. त्या दिवसापासून बसवूनच घालते, छोट्या स्टुलावर, आणि दुधाचा कप हातात आधी. आता पंधराची आहे, स्वतःच घालते, पण परीक्षेच्या दिवशी माझ्याकडे येऊन स्टुलावर बसते.

सगळ्यांचं वाचून झालं. टेकडीदादा, तुमचं दोनदा वाचलं. नवऱ्यालाही वाचायला दिलं.

आज पहिल्यांदा तिला विचारलं, तुला तो दिवस आठवतो का. इतकी वर्षं विचारायची हिंमत नव्हती, मला वाटायचं तिला माझं ते "हलू नकोस" आठवत असणार. ती म्हणाली, "फरशी गार लागली, छान वाटलं. आणि आजी ओरडत होती. बाकी काही नाही."


औंधची_आजी

सासूबाई आहेत का गं तुझ्या अजून?


मोगरा_दारचा

आहेत आजी. ब्याऐंशी. आत्ता आत टीव्ही बघतायत. त्यांना तुमचं नाचणीचं वाचून दाखवलं, म्हणतात दुधात नको, ताकात दे, उन्हाळ्यात तेच सोसतं.


रात्रपाळी

ताकात मीठ घाला थोडं. सकाळची ड्यूटी संपली, बाकी उद्या वाचते.