मदत हवी आहे : लातूरहून गुवाहाटीला गाडी सुरक्षित कशी पाठवावी? गाडीत हाताने चालवायचा लिव्हर आहे

नमस्कार.

माझी मुलगी डॉक्टर असून पुढच्या महिन्यात ती गुवाहाटीच्या एका रुग्णालयात रुजू होत आहे. नेमणूक किमान तीन वर्षांची आहे. सहा वर्षांपूर्वीच्या अपघातानंतर तिच्या उजव्या पायात जोर राहिलेला नाही, त्यामुळे तिची गाडी ऑटोमॅटिक असून तिच्यात ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हाताने चालवण्यासाठी लिव्हर बसवून घेतलेला आहे. आरसीवरही तशी नोंद आहे. ही गाडी विकून तिकडे दुसरी घ्यावी असे काही नातेवाइकांनी सुचवले. परंतु हा लिव्हर तिच्या हाताच्या पोहोचीला नीट जुळेपर्यंत आम्ही पुण्याला तीन खेपा केल्या आहेत आणि नव्या गावी, नव्या नोकरीत, पहिल्या दिवसापासून तिला कोणावर अवलंबून राहावे लागू नये अशी आमची इच्छा आहे. म्हणून हीच गाडी पाठवायची असे ठरले आहे.

अंतर अडीच हजार किलोमीटरांच्या वर आहे. मी ६३ वर्षांचा आहे. नागपूर, रायपूर, कोलकाता, सिलिगुडी असा प्रवास एकट्याने करणे मला झेपणार नाही. २०१६ च्या टंचाईत मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला येताना आम्ही पाहिली आहे, त्यामुळे पहिला विचार रेल्वेचाच आला. पण चौकशी केली तेव्हा दुचाकी पार्सलने सहज जाते, एकट्यादुकट्या चारचाकीचे मात्र कठीण आहे, असे समजले. राहिला मार्ग कार कॅरिअरचा, म्हणजे गाड्या वाहून नेणाऱ्या ट्रकचा.

माझी भीती निराधार नाही. चार वर्षांपूर्वी माझ्या मेहुण्यांची गाडी एका वाहतूकदारामार्फत पुण्याहून भोपाळला पाठवली होती. आठ दिवसांत पोहोचवतो म्हणालेली गाडी एकोणिसाव्या दिवशी मिळाली, मीटरवर दोनशे दहा किलोमीटर जास्त चाललेले होते, स्टेपनी नव्हती, आणि किल्ली देण्यापूर्वी ठरल्यापेक्षा जास्त पैसे मागण्यात आले. गाडी ताब्यात देताना आम्ही एकही फोटो काढलेला नव्हता, म्हणून भांडायलाही हातात काही नव्हते.

या वेळी प्रश्न स्टेपनीपेक्षा मोठा आहे. लिव्हर स्टिअरिंगच्या खाली डाव्या अंगाला आहे. पुढे रेटला की ब्रेक लागतो, स्वतःकडे ओढला की गाडी वेग घेते. त्याच्या सळया खाली पेडलपर्यंत गेलेल्या आहेत. उन्हाळ्यात मूठ तापते म्हणून तिच्या आईने तिच्यावर जुन्या इरकलीच्या काठाची पट्टी घट्ट शिवून दिली आहे. पेडल नेहमीसारखेच चालतात, त्यामुळे कोणीही गाडी चालवू शकतो. परंतु माहिती नसलेल्या चालकाचा गुडघा चढणीच्या फळीवर त्या लिव्हरला लागला तर काय होईल, हा विचार मनातून जात नाही. लिव्हर काढून पाठवावा की तसाच ठेवावा? लातुरातूनच गाडी सोपवावी की पुणे किंवा हैदराबादपर्यंत आपण स्वतः न्यावी? विमा कोणाचा आणि कशाचा असावा? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद, नांदेडहून

मी बावीस वर्षे ट्रान्सपोर्टच्या कामात आहे, म्हणून आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मोठे कार कॅरिअर लातूर, नांदेड किंवा परभणीला एका गाडीसाठी येत नाहीत. घरून गाडी उचलू असे जो सांगतो, त्याचा चालक बहुधा तुमची गाडी चालवतच पुण्याला किंवा हैदराबादला नेणार असतो, आणि मीटर वाढण्याचे मूळ पुष्कळदा तिथेच असते. म्हणून आपण गाडी स्वतः न्यावी आणि आपल्या डोळ्यांसमोर चढवून घ्यावी. आपल्या बाबतीत तर हे टाळूच नये, कारण चढवणाऱ्या माणसाला लिव्हर दाखवून समजावून सांगता येईल.

लिव्हर काढू नये असे माझे स्पष्ट मत आहे. तो ब्रेकला जोडलेला भाग आहे, आणि तिकडे अनोळखी मेकॅनिककडून पुन्हा बसवून घेण्यात जो धोका आहे तो वाहतुकीतल्या धोक्यापेक्षा मोठा आहे. हलू नये म्हणून त्याला दोरीही बांधू नये. बांधलेली दोरी ओढली जाऊन ब्रेक किंवा ॲक्सिलरेटर दाबलेला राहिला, तर गाडी चालू करणाऱ्याला ते कळणार नाही. मुठीवर आणि सळयांभोवती जाड फोम सैलसर गुंडाळावा, पायांची हालचाल अडणार नाही एवढाच, आणि गाडी फक्त पायाने चालवा, लिव्हरला हात लावू नका, अशा अर्थाची हिंदी पाटी लॅमिनेट करून स्टिअरिंगला अडकवावी. चालक निरक्षर असण्याची शक्यता धरून त्यावर हाताच्या चित्रावर फुली काढावी.

शक्य असेल तर बंद कंटेनर घ्यावा. उघड्या कॅरिअरवर वरच्या मजल्याला झाडांच्या फांद्या लागतात आणि खालच्या मजल्यावर वरच्या गाडीचे तेल गळते. गाडी पक्की करताना पट्टे चाकांवरून टाकलेले असावेत, खालच्या ॲक्सलला किंवा सस्पेन्शनला साखळी लावलेली नसावी. चाकांपुढे-मागे गुटके असावेत, गिअर पार्कमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला असावा. वाटेत गाडी किती ठिकाणी उतरवून दुसऱ्या ट्रकवर चढवणार, हे बिल्टीवर, म्हणजे वाहतूकदाराच्या माल-पावतीवर, लिहून घ्यावे. आसामकडच्या मार्गावर कोलकाता किंवा सिलिगुडीला अशी अदलाबदल होण्याची शक्यता असते, आणि प्रत्येक उतरवणीला नवा माणूस त्या सीटवर बसतो. ज्याच्याकडे अदलाबदल नाही त्याला दोन पैसे जास्त द्यावेत. पावसाळ्यात ब्रह्मपुत्रेच्या पुरामुळे तिकडची वाहतूक अडते, तेव्हा जून ते सप्टेंबर टाळता आला तर उत्तम.

टाकीत पाव टाकी पेट्रोल पुरे. डिक्कीत घरसामान भरू नये, त्याची जबाबदारी कोणी घेत नाही. फास्टॅगवर स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल चिकटवावी, नाहीतर ट्रकवर बसलेल्या गाडीचा टोलही आपल्याच खात्यातून कापला जाऊ शकतो. दुसरी किल्ली घरी ठेवावी.

प्रतिसाद, छत्रपती संभाजीनगरहून

वरील सल्ल्याशी सहमत आहे. मी वाहन विम्याच्या दाव्यांचे काम करतो, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो.

पॅकेज (सर्वसमावेशक) पॉलिसीतल्या ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विभागात रस्ता, रेल्वे, अंतर्गत जलमार्ग इत्यादींनी गाडी वाहून नेली जात असताना झालेले नुकसानही धरलेले असते, हे फार थोड्या लोकांना ठाऊक असते. केवळ थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर हे संरक्षण नाही. दावा केल्यास नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो, हेही लक्षात असू द्यावे. आपल्या प्रकरणात महत्त्वाचे असे की लिव्हर कंपनीने नव्हे, बाहेरून बसवलेला आहे. त्याची किंमत पॉलिसीत वेगळी दाखवलेली आहे का ते आजच पाहावे, आणि नसेल तर गाडी हलण्यापूर्वी नोंद करून घ्यावी. वाहतूकदार ट्रान्झिट इन्शुरन्स म्हणून पैसे घेतो तेव्हा पुष्कळदा हातात त्याचीच पावती येते. ती पॉलिसी नव्हे. विमा कंपनीने आपल्या नावाने, गाडीच्या क्रमांकासह दिलेले प्रमाणपत्र मागावे.

वाहतूकदार रस्ते वाहतूक कायदा, २००७ खाली नोंदणीकृत आहे का, हेही विचारावे. या कायद्याच्या २०११ च्या नियमांप्रमाणे, वाहकाची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहा पटींपर्यंत आणि जाहीर केलेल्या किमतीच्या मर्यादेत असते. म्हणून बिल्टीवर गाडीची किंमत कमी लिहू देऊ नये. भाडे कमी होईल असे आमिष दाखवले तरी नाही. नुकसान झाल्यास न्यायालयात दावा लावण्यापूर्वी वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ती बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत. गाडी ताब्यात घेताना कागदावर ‘सुस्थितीत मिळाली’ असे छापलेले असते. आधी गाडी पाहावी, मीटर पाहावा, जे खटकेल ते त्याच कागदावर हाताने लिहावे आणि मगच सही करावी.

गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक राहणार असेल तर तिथली नोंदणी घ्यावी लागते. मुक्काम तीन वर्षांचा असल्याने लातूर आरटीओकडून ना हरकत प्रमाणपत्रासाठी फॉर्म २८ भरून ठेवावा, आणि कर्ज असेल तर बँकेची संमती आधी घ्यावी.

मूळ धागाकर्त्याकडून

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. पॉलिसी काढून पाहिली. लिव्हरची नोंद तिच्यात नाही. बसवणाऱ्याचे बिल सुदैवाने जपून ठेवलेले आहे, ते घेऊन उद्या विमा कार्यालयात जातो. कर्ज मागच्याच वर्षी फिटले आहे, मात्र आरसीवरून बँकेचे नाव उतरवणे राहून गेले होते, तेही आता ना हरकतीच्या आधी उरकावे लागेल. लिव्हर काढायचा नाही हे ठरले. मुलीला हे वाचून दाखवले तेव्हा तिने स्वतःच फोम कापून घेतला आणि मुठीवरची इरकलीची पट्टी फोमखाली राहू दे, काढू नका, असे सांगितले.

हैदराबादला गाडी मी आणि धाकटा मुलगा मिळून नेऊ. आता एकच अडचण उरली आहे. गाडी गुवाहाटीला उतरेल तेव्हा मुलगी ड्युटीवर असू शकते आणि तिच्याऐवजी सहकाऱ्याने ताबा घ्यावा लागेल. अशा वेळी तिने कोणते अधिकारपत्र द्यावे, आणि लिव्हरने ब्रेक नीट लागतो की नाही हे उतरवण्याच्या जागीच कसे तपासावे, की ज्यामुळे रस्त्यावर आणण्याआधीच दोष कळेल? ज्यांनी ईशान्येकडे गाडी पाठवली आहे त्यांनी कृपया यावर लिहावे. गाडी २० तारखेच्या आसपास चढवायची आहे.