कोरडी हवा नसली तरी

'कोरड्या हवेशिवाय ममी टिकत नाही' असं म्हणतात. म्हणजे मे महिन्यात आमचं नागपूर ममींचा कारखानाच म्हणायचं! चीनमधल्या मावांगदुईच्या थडग्यात सापडलेली शिन झुई ही उमराव घराण्यातली बाई बघा. मृत्यू इ.स.पू. १६३च्या सुमारास, थडगं उघडलं १९७२ मध्ये. तेव्हाही कातडी मऊ, सांधे वाकत होते. एकात एक चार शवपेट्या, भोवती कोळसा आणि पांढरी चिकणमाती. हवेला शिरायला जागाच नव्हती. पोटात खरबुजाच्या १३८ बिया निघाल्या. बाईसाहेब बियांसकट गिळत होत्या! आमच्याकडे आजी त्याच बिया धुऊन गच्चीवर वाळवते आणि दुपारभर सोलत बसते. डेन्मार्कचा टोलुंड मॅन, म्हणजे तिथे सापडलेला एका प्राचीन माणसाचा मृतदेह, तर चक्क दलदलीत टिकला, हनुवटीवरच्या दाढीच्या खुंटांसकट.