अनुभव धागा: थंडीची रात्र, रेडिओ आणि व्यापून टाकणारं संगीत

निफाडचा पारा उतरायला लागला की नाशकात रात्री नऊनंतर रस्त्यावर माणूस दिसत नाही. पुढे रात्र मोठी. अशा रात्री रेडिओवर ऐकलेलं, खोली नाहीतर शेत व्यापून टाकणारं संगीत तुम्हाला आठवतं का? नुसती यादी नको. कुठे होतात, काय करत होतात, तेही लिहा.

सुरुवात मी करते. पंचवटीतल्या आमच्या वाड्यात शनिवारी रात्री आजोबा आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम लावायचे. १९५२ पासूनचा हा कार्यक्रम. दरबारी राग लागला की आजोबा कुणाला बोलू देत नसत. त्यातला कोमल गंधार, म्हणजे उतरलेला ‘ग’, झुलत, रेंगाळत येतो; गवई तिथे पोहोचेपर्यंत आपण श्वास धरून असतो. उन्हाळ्यात गच्चीवर तोच राग ऐकला, पण बंद खिडक्यांच्या खोलीत खर्ज, म्हणजे खालचा खोल सूर, जसा भरून राहायचा तसा तिथे राहिला नाही.

निफाडहून
ताई, आमच्याकडं ही रात्र झोपायची नसते. द्राक्षात पाणी उतरायच्या, म्हणजे मणी रसानं भरायच्या वेळी कडाका पडला की मणी तडकतात. मग बागेत शेकोट्या करायच्या आणि पहाटे ठिबक सोडायचं. शेतीची लाईट रात्रीच असायची. वडील रेडिओ बरोबर न्यायचे, पण मोटार चालू झाली की मीडियम वेव्हवर नुसती घरघर. म्हणून रेडिओ पार लांब, बांधाच्या टोकाला ठेवायचा आणि शेकोटीही तिथंच. नागपूरहून राष्ट्रीय चॅनल लागायचं, रात्रभर चालणारं. कधी सारंगी, कधी बीन, म्हणजे रुद्रवीणा. बीनकाराचा आलाप इतका सावकाश चालायचा, की एका वाफ्याला चक्कर मारून आलं तरी तो अजून खालच्या सप्तकातच. मला तेव्हा रागाचं नावही कळत नव्हतं. पण अंधारात एवढ्या मोठ्या बागेत एकटं वाटायचं नाही, हे खरं. त्यासाठी मी त्या वादकांचा आजही ऋणी आहे.

सातपूरहून
निफाडकर, ते नागपूरचं केंद्र १९८८ साली सुरू झालं आणि त्याचा ट्रान्समीटर एक मेगावॅटचा होता. शिवाय रात्रीची गंमत वेगळीच. दिवसा आयनांबराचा, म्हणजे वातावरणातल्या उंचावरच्या विद्युतभारित पट्ट्याचा, खालचा थर मध्यम लहरी (मीडियम वेव्ह) शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लहरी वरच्या थरावरून परतून शेकडो किलोमीटरवर उतरतात. थंडीत रात्र मोठी, म्हणून हा काळही मोठा. आवाज मध्येच विरायचा, पुन्हा भरून यायचा. मला तर त्या चढउतारानेच मालकंस राग अधिक गूढ वाटायचा.

नाशिकरोडहून
आमच्याकडे शास्त्रीय कुणी ऐकत नसे. वडील रात्रपाळीला, आई शिवणयंत्रावर, आणि रात्री अकराला विविध भारतीचं ‘बेला के फूल’. जुन्या चित्रपटगीतांतले व्हायोलिनचे ताफे ऐका. त्यांत गोव्याचे कितीतरी वादक असायचे. ते सगळे एकदम उठले की आमची दहा बाय दहाची खोली मला सभागृह वाटायची. आई तेवढ्यापुरता पाय थांबवायची.

देवळाली कॅम्पहून
शॉर्टवेव्हवर परदेशी केंद्रांच्या सिंफनी. खरखरीसकट. बस, तेवढंच.

गंगापूर रोडहून
थोडा वेगळा सूर लावतो. व्यापून टाकणारं म्हणजे जड किंवा गंभीरच असलं पाहिजे, असं नाही. शास्त्रीय गायक द. वि. पलुसकर आपल्या नाशकात १९२१ साली जन्मले आणि १९५५ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले. रेडिओवर त्यांचं भजन लागलं की आवाज कुठेच दाब देत नाही, तरी सगळं घर शांत होतं. मला ती स्वच्छता दरबारीच्या खर्जाइतकीच विशाल वाटते.

पुन्हा पंचवटीहून
पलुसकरांबद्दल शंभर टक्के मान्य. आता नवं कुठे ऐकायचं, असं काहींनी विचारलंय. आकाशवाणीची ‘रागम’ ही शास्त्रीय संगीताची वाहिनी २०१६ पासून आहे, मोबाइलवर ऐकता येते. दिवे मालवून, स्पीकरवर ऐका. मंद्र, म्हणजे खालचं सप्तक इअरफोनपेक्षा खोलीत छान उमटतं.

त्र्यंबक-हरसूलकडच्या कुणी अजून लिहिलेलं नाही. डोंगराआड तुमच्याकडे कोणतं स्टेशन लागायचं आणि एरियलची तार कुठे बांधायचात?